कर्णधाराचा रकाना

पुणे कराराच्या मसुद्याखाली, २४ सप्टेंबर १९३२ या तारखेला, सह्यांची एक रांग आहे. डॉ. भीमराव आंबेडकर, मदनमोहन मालवीय, तेजबहादुर सप्रू, मुकुंदराव जयकर, राजगोपालाचारी, राजेंद्रप्रसाद, एम. सी. राजा, घनश्यामदास बिर्ला. कायदेपंडित, पुढारी, धनिक. याच रांगेत ‘पी. बाळू’ अशीही एक सही आहे. करारावर लिहिणारे बहुतेक जण या सहीवरून तसेच पुढे जातात. मला मात्र तिथे थांबावेसे वाटते. हेच नाव, याच आद्याक्षरासह, त्याआधी मुंबईच्या वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे छापून येत होते. ते यायचे क्रिकेटच्या धावफलकात, गोलंदाजांच्या ओळीत. ‘पी’ म्हणजे पालवणकर. बाळू पालवणकर, डाव्या हाताने संथ फिरकी टाकणारे गोलंदाज, चांभार समाजातले.

पाच वर्षांनी हे नाव आणखी एका सरकारी कागदावर येते. १९३७ साली मुंबई प्रांताच्या कायदेमंडळाची निवडणूक झाली. मुंबई शहरातल्या एका राखीव जागेसाठी स्वतंत्र मजूर पक्षाचे संस्थापक डॉ. आंबेडकर उभे होते. काँग्रेसने त्यांच्यासमोर बाळू पालवणकरांना उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक दोन हजार वीस मतांचा. ज्या करारातून ही राखीव जागा निघाली त्या करारावर दोघांच्याही सह्या होत्या. बाबासाहेबांना त्या मतदारसंघात इतकी जवळची लढत देऊ शकणारा माणूस काँग्रेसला राजकारणातून मिळाला नाही, तो मैदानावरून आणावा लागला. हा माणूस तिथवर कसा पोचला, हे जे कागद उरले आहेत त्यांतून लावून पाहायचे आहे.

बाळूंनी आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांनी लिहिले. ‘माझे क्रीडा-जीवन’ हे त्यांचे मराठी पुस्तक १९४८ साली मुंबईत निघाले. त्याशिवाय हाती आहेत ते धावफलक, त्या काळच्या मुंबईतल्या इंग्रजी पत्रांचे अग्रलेख आणि वाचकांची पत्रे, इंग्लंडच्या एका दौऱ्याचे आकडे, आणि तिघा भावांसंबंधीचे १९२० सालचे एक छापील निवेदन. ही साधने एकाच प्रकारची नाहीत आणि त्यांच्यावर सारखाच भरवसा ठेवूनही चालत नाही. धावफलकात जात नसते, फक्त बळी असतात. अग्रलेखात जात असते, पण ती लिहिणाऱ्याच्या नजरेतून आलेली असते. निवेदनात मात्र खेळाडू स्वतः बोलतात.

पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आले. बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमाराचा. वडील लष्कराच्या चाकरीत होते, त्यामुळे घर पुण्याच्या छावणीच्या आसऱ्याने राहिले. एकोणिसाव्या शतकातल्या अस्पृश्य कुटुंबांच्या बाबतीत ही छावणी पुन्हा पुन्हा भेटते. समाजसुधारक गोपाळबाबा वलंगकर लष्करातूनच आले, आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळही लष्करातलेच सुभेदार. पलटणीत थोडी अक्षरओळख मिळे आणि नियमित पगार मिळे. पालवणकरांच्या मुलांना आणखी एक गोष्ट मिळाली. गोऱ्या अधिकाऱ्यांनी वापरून टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू त्यांच्या हाती आले, आणि बाळू व शिवराम खेळायला शिकले.

बाळूंची पहिली नोकरी पुण्यातल्या पारशांच्या एका क्रिकेट क्लबात होती. काम खेळपट्टी झाडायचे आणि तिच्यावर रोलर फिरवायचे, पगार महिन्याला तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तिथे चार रुपये मिळत. खेळपट्टी आखणे, जाळी उभारणे, टेनिसच्या कोर्टावर चुन्याच्या रेघा मारणे ही कामे होतीच. त्यात सरावाच्या वेळी साहेबांना चेंडू टाकण्याचे काम आले. जे. जी. ग्रेग हा त्या काळचा हिंदुस्थानातला नामांकित इंग्रज फलंदाज. तो इतरांच्या आधी मैदानावर येई आणि बाळूंना चेंडू टाकायला लावी. बाळूंनी बाद केले की तो दर वेळी आठ आणे बक्षीस देई, असे सांगतात. ही आख्यायिका आहे आणि तिच्यावर मी फार भार टाकणार नाही. मात्र याच काळाबद्दल सांगितली जाणारी दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. पूना क्लबात बाळूंनी शेकडो तास गोलंदाजी केली, पण त्यांच्या हाती बॅट कधी दिली गेली नाही.

ही गोष्ट मोलाची अशासाठी की पुढच्या तीस वर्षांचा आराखडा तिच्यात दिसतो. त्या काळच्या साहेबी क्रिकेटमध्ये फलंदाजी हा सरदारांचा खेळ होता आणि गोलंदाजी हे राबणाऱ्याचे काम होते. इंग्लंडमध्येही तसेच होते. तिथले हौशी सभ्य गृहस्थ फलंदाजी करत आणि पगारी खेळाडू घाम गाळत. खाणकामगाराचा पोरगा जोरात चेंडू टाकू शकतो, हे तिथल्या लॉर्डांना मान्य होते. पुण्याच्या मैदानावर या इंग्रजी उतरंडीला आपली जातीची उतरंड येऊन मिळाली. रोलर ओढणाऱ्याने चेंडूही टाकावा यात साहेबाला काही वावगे वाटले नाही, कारण दोन्ही त्याच्या लेखी चाकरीच होत्या.

पुण्याच्या हिंदू खेळाडूंना साहेबांच्या संघाला हरवायचे होते, आणि साहेबांना बाद करण्याची कला ज्याला रोजच्या सरावाने आली होती असा एकच माणूस गावात होता. त्याला संघात घ्यावे की नाही यावर वाद झाला. संघातले तेलुगू खेळाडू घ्यावे म्हणत होते, मराठी ब्राह्मण खेळाडूंना ते मान्य नव्हते. बाळूंना न घेणे हा हिंदूंचा मूर्खपणा ठरेल, असे ग्रेगने वर्तमानपत्राला सांगितले आणि अखेर बाळूंना बोलावणे आले. यात ग्रेगला जातिभेद मोडायचा होता असे मी मानत नाही. त्याला समोर चांगला गोलंदाज हवा होता. पण हेतू कोणताही असो, बाळू मैदानात उतरले.

मैदानात उतरल्यावर काय झाले ते चहाच्या वेळेवरून कळते. खेळाडूंना तंबूच्या आत चिनी मातीच्या कपांतून चहा मिळे. बाळूंना तो बाहेर, फेकून देता येईल अशा मातीच्या भांड्यात मिळे. तोंड धुवायचे झाले तर पाणी ओतायला अस्पृश्य गडी यावा लागे. जेवणाचे ताटही वेगळे आणि बसायची जागाही वेगळी. खेळ सुरू झाला की मात्र तोच चेंडू बाळूंच्या हातून यष्टीरक्षकाच्या हातात, तिथून स्लिपमधल्या ब्राह्मणाच्या हातात, आणि पुन्हा बाळूंकडे येई. चामड्याचा चेंडू. ज्याच्या घरच्यांना चामड्याच्या कामामुळे विटाळाचे ठरवले त्याच्या घामाने ओला झालेला चेंडू दिवसभर अकरा जणांत फिरे, आणि संध्याकाळी चहाचा कप फिरत नसे.

धावफलकाला हे काहीच ठाऊक नाही. धावफलकावर फलंदाजाच्या नावापुढे झेल घेणाऱ्याचे नाव असते आणि त्यालाच लागून गोलंदाजाचे नाव असते. झेल अमका, गोलंदाज बाळू. त्या काळातल्या महाराष्ट्रातल्या छापील कागदांत ब्राह्मणाचे आणि चांभाराचे नाव एकाच ओळीत, एकाच कामाचे दोन भागीदार म्हणून लिहिलेले इतरत्र क्वचितच सापडेल. दोघांतले एक नाव गाळले तर नोंदच पुरी होत नाही.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्धचा सामना या काळातला. बाळूंची फिरकी बोथट व्हावी म्हणून तिथल्या लोकांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवला. रोलरचे काम जन्मभर केलेल्या माणसाविरुद्ध रोलरच वापरला गेला. बाळूंनी सात बळी घेतले आणि हिंदू जिंकले. पुण्यात सत्कार झाला तेव्हा न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना हार घातला. तुम्ही त्यांच्याबरोबर खेळू शकता तर त्यांच्याबरोबर चहा आणि जेवण घ्यायला काय हरकत आहे, असे रानड्यांनी सवर्ण खेळाडूंना विचारल्याचे नंतरच्या चरित्रलेखनात येते. रानड्यांचे बाकीचे विचार पाहता हा प्रश्न त्यांच्या तोंडी शोभतो. आणि तो विचारावा लागला, यावरूनच चहाची भांडी तोवर वेगळी होती हे दिसते.

शतकाच्या अखेरीस बाळू मुंबईत आले आणि पुढे रेल्वेत नोकरीला लागले. मरीन लाइन्सच्या बाजूला १८९४ साली परमानंददास जीवनदास यांच्या नावाने हिंदू जिमखाना सुरू झाला होता. बाळूंना घेण्याला तिथल्या काही गुजराती सभासदांचा विरोध होता. संघाचे कर्णधार कीर्तिकर यांनी तो बाजूला सारला. बाळूंच्या मागोमाग शिवराम आले, मग विठ्ठल आणि गणपत. चार भाऊ, चौघेही पहिल्या प्रतीचे क्रिकेटपटू.

फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू आणि युरोपियन यांचा सामना झाला. ज्या जिमखान्यात हिंदी माणसाला सभासद होता येत नसे, त्याच्या दारातला हा सामना. हिंदूंनी २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० आणि युरोपियन १०२. हिंदू १०९ धावांनी जिंकले. संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते आणि शेवटच्या डावात साहेबांना गुंडाळण्यात बाळूंचा मोठा वाटा होता. वंगभंगाची चळवळ पेटलेली होती. त्या वातावरणात हा विजय खेळाच्या पानात मावण्यासारखा नव्हता.

मुंबईहून के. नटराजन यांच्या संपादकत्वाखाली निघणाऱ्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने या विजयावर जे छापले ते या सगळ्या कागदपत्रांतले फार महत्त्वाचे पान आहे. त्याचा आशय असा: पुण्याच्या हिंदू खेळाडूंनी या चांभार भावांना गरजेपोटी खेळात घेतले, पण त्यांच्याबरोबर चहा घेण्याची त्यांची तयारी नव्हती. मुंबईच्या हिंदू जिमखान्याने एक पाऊल पुढे टाकले आणि तिथले सभासद त्यांच्याबरोबर उघडपणे जेवले. हजारो हिंदू तरुणांची मने मोकळी करण्याचे जे काम या घटनेने केले ते इतर क्षेत्रांतल्या सगळ्या प्रयत्नांनी मिळूनही झाले नव्हते. खेळाच्या मैदानावर शिकलेला धडा राजकारणात, समाजात आणि शिक्षणातही गिरवावा.

या पानाला मी दोन कारणांसाठी मान देतो. पहिले म्हणजे पुण्यातल्या वेगळ्या चहाची हकीकत यामुळे त्याच काळातल्या छापील शब्दात आपल्यापर्यंत येते, चाळीस वर्षांनंतरच्या आठवणीतून नव्हे. दुसरे म्हणजे लिहिणाऱ्याचा आनंद खरा आहे. पण त्यातच एक उणीवही आहे. लेखात मने मोकळी होतात ती सवर्ण तरुणांची. श्रेय जिमखान्याला मिळते, कारण त्याने प्रवेश दिला. ज्यांनी प्रवेश मिळवला ते दोघे भाऊ त्यात निमित्तासारखे उभे आहेत. सुधारकी लेखनाची ही सवय पुढेही सुटली नाही.

१९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू अशी तिरंगी स्पर्धा सुरू झाली. १९१२ साली मुसलमानांचा संघ आला आणि ती चौरंगी झाली. पुढे १९३७ मध्ये पंचरंगी. संघ धर्मावर बांधलेले होते हे आज खटकते आणि खटकावेच. बाळूंच्या संदर्भात मात्र या नावांचा एक वेगळा परिणाम झाला. देवळाच्या पायरीशी ज्याला उभे राहता येत नव्हते तो ‘हिंदू’ या नावाखाली हजारो लोकांसमोर खेळत होता. १९३५ साली येवल्यात डॉ. आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली तेव्हा बाळूंनी त्याला विरोध केला. त्यांच्या या भूमिकेवर पुष्कळ टीका करता येईल. पण ज्याने आयुष्याची उमेदीची वर्षे ‘हिंदूंचा गोलंदाज’ म्हणून घालवली त्याला ते नाव टाकून देणे जड गेले असणार, असे मला वाटते. ते नाव त्याला कुणी बहाल केले नव्हते, त्याने ते एकेक बळी घेऊन कमावले होते.

मग १९११ चा इंग्लंडचा दौरा. सर्व हिंदुस्थानचा म्हणून गेलेला हा पहिला संघ. त्यात पारशी सर्वांत जास्त, मग हिंदू, मग मुसलमान, आणि कर्णधार पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग. महाराजांचे वय जेमतेम एकोणीस-वीस वर्षांचे. त्या उन्हाळ्यात लंडनमध्ये पंचम जॉर्जचा राज्याभिषेक सोहळा होता आणि महाराजांचे लक्ष खेळापेक्षा तिकडे होते. बहुतेक सामन्यांत ते मैदानात नव्हतेच. संघ प्रथम श्रेणीचे चौदा सामने खेळला. त्यांतले दहा हरला, दोन जिंकला, दोन अनिर्णित राहिले.

हे जिंकलेले दोन सामने पाहण्याजोगे आहेत. लेस्टरशायरविरुद्ध बाळूंनी सामन्यात अकरा बळी घेतले. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने नाबाद ११३ धावा केल्या आणि संघ एका गड्याने जिंकला. म्हणजे हिंदुस्थानच्या पहिल्या संघाने इंग्लंडच्या भूमीवर मिळवलेले प्रथम श्रेणीचे दोन्ही विजय रोलर ओढणाऱ्या घरातल्या दोन भावांच्या हातून आले. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावात बाळूंनी १०३ धावांत आठ बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांचे बळी ७५, आणि दौऱ्यातले सगळे सामने धरले तर ११४, सरासरी १८.८४. हे आकडे हरणाऱ्या संघातल्या गोलंदाजाचे आहेत. मागे धावांचे पाठबळ नसताना, हवामान आणि खेळपट्टी दोन्ही परकी असताना, वयाच्या पस्तिशीत. या माणसाने सगळ्या कारकिर्दीत ३३ प्रथम श्रेणी सामन्यांत १७९ बळी घेतले, सरासरी १५.२१. त्यांचे सर्वोत्तम दिवस तोवर बरेचसे मागे पडले होते, हे ध्यानात घेऊन हे आकडे वाचायला हवेत.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईतल्या अस्पृश्य समाजाने बाळूंचा सत्कार केला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारे तरुण भीमराव आंबेडकर या सत्काराशी जोडलेले होते, आणि मानपत्र त्यांनीच तयार केले होते, असे नंतरच्या लेखनात म्हटले आहे. तेव्हा आंबेडकर विद्यार्थी आणि बाळू त्या समाजातला सर्वांत प्रसिद्ध माणूस. १९३७ च्या मतपत्रिकेकडे जाताना ही संध्याकाळ लक्षात ठेवावी.

आता कर्णधारपदाकडे येतो, कारण खरे दुखणे तिथे आहे. १९१० च्या आसपास बाळू हिंदू संघातले सर्वांत ज्येष्ठ आणि सर्वांत यशस्वी खेळाडू होते. कर्णधार निवडण्याची वेळ आली की दर वर्षी त्यांचे नाव पुढे येई आणि दर वर्षी मागे पडे. १९१३ साली हे पद मुकुंद दामोदर पै यांना मिळाले. पै सारस्वत ब्राह्मण, उत्तम फलंदाज, इंग्लंडच्या दौऱ्यात बाळूंचे सोबती. त्यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभात पै उठले आणि म्हणाले की हा मान माझे मित्र बाळू यांना मिळायला हवा होता, कारण संघात तेच ज्येष्ठ आहेत. आपल्याच सत्कारात, आपल्याच ज्ञातीच्या लोकांसमोर असे बोलायला धैर्य लागते. पैंबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. तरी पुढच्या वर्षीही बाळू कर्णधार झाले नाहीत, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

जिमखान्यातल्या जेवणाच्या पंक्तीत बाळू बसत होते. मग कर्णधारपद का नाही? माझ्या मते याचे उत्तर पूना क्लबाच्या त्या न दिलेल्या बॅटमध्ये आहे. चेंडू टाकणारा कितीही मोठा झाला तरी तो दुसऱ्याने सांगितल्यावर चेंडू टाकतो. कर्णधार सांगतो. तो ब्राह्मणाला सीमारेषेवर पाठवतो, प्रभूला स्लिपमध्ये उभा करतो, वाण्याच्या हातून चेंडू काढून घेतो. नाणेफेकीला तो युरोपियन कर्णधाराशेजारी उभा राहतो आणि संघ त्याच्या नावाने ओळखला जातो. शेजारी बसून जेवणे जिमखान्याला जमले होते. हुकूम ऐकणे जमत नव्हते.

१९२० हे साल मराठी मुलखातल्या अस्पृश्यांच्या चळवळीत गजबजलेले आहे. ३१ जानेवारीला आंबेडकरांचा ‘मूकनायक’ निघाला. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली आणि शाहू महाराजांनी तिथे आंबेडकरांच्या नेतृत्वाची ग्वाही दिली. मेअखेर नागपूरला अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. डिसेंबरात नागपूरलाच काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि असहकाराच्या ठरावातच हिंदू धर्मावरचा अस्पृश्यतेचा कलंक पुसण्याचे आवाहन आले. चौरंगी सामने त्याच डिसेंबरात होते.

पै आजारी होते, पहिल्या सामन्यात खेळू शकत नव्हते. निवड समितीने बाळूंना संघातून वगळले. शिवराम आणि विठ्ठल संघात होते. विठ्ठल तेव्हा हिंदूंच्या अव्वल फलंदाजांत गणले जात, आणि ज्येष्ठतेनेही त्यांचा हक्क होता. समितीने पैंच्या जागी कर्णधार केले ते पुण्याच्या दिनकर बळवंत देवधरांना. देवधरांच्या फलंदाजीबद्दल इथे शंका नाही. त्यांनी पुढे महाराष्ट्राच्या क्रिकेटला जे दिले ते सर्वांना माहीत आहे. पण ते विठ्ठलपेक्षा वयाने आणि अनुभवाने लहान होते. त्यांच्याजवळ विठ्ठलजवळ नसलेल्या दोन गोष्टी होत्या: पदवी आणि जात.

शिवराम आणि विठ्ठल संघातून बाहेर पडले. आपण का बाहेर पडलो हे सांगणारे निवेदन त्यांनी प्रसिद्ध केले आणि ते ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये छापून आले. निवड खेळावर झाली नाही, माणसाच्या सामाजिक दर्जावर झाली, असा आरोप त्यात आहे. स्वतःला पद मिळावे म्हणून हे नाही, आमच्या स्वाभिमानासाठी आहे, असा त्याचा सूर आहे. दलित वर्गातले म्हणून आम्हांला इतरांच्या बरोबरीचे मानले जात नाही, हे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

या निवेदनाचे मोल नीट समजून घ्यायला हवे. तोवरच्या कागदांत भाऊ इतरांच्या वाक्यांत येतात. ग्रेग त्यांची शिफारस करतो, रानडे त्यांची बाजू घेतात, ‘रिफॉर्मर’ त्यांच्या प्रवेशाबद्दल जिमखान्याची पाठ थोपटतो, पै त्यांच्यासाठी आपला मान नाकारू पाहतात. १९२० मध्ये ते स्वतः, स्वतःच्या नावाने, आपल्याच संघाच्या समितीला जाब विचारतात. आणि हे ते असहकाराच्या महिन्यात करतात. सरकारशी असहकार पुकारणाऱ्या शहरात दोन क्रिकेटपटूंनी स्वजनांशी असहकार केला. संघात जागा असणे आणि संघात समान असणे यांतला फरक मराठी मुलखातल्या खेळात याआधी कुणी छापील शब्दांत इतका उघड मांडला असेल असे मला वाटत नाही. आंबेडकर त्या वेळी लंडनमध्ये शिकत होते. कुणी पुढाऱ्याने हे भावांकडून लिहवून घेतले असे मानायला कारण नाही. वीस वर्षे मैदानात जे पाहिले ते त्यांनी लिहिले.

समितीवर लोकांचा दाब आला. वर्तमानपत्रांत पत्रे येऊ लागली. अंतिम सामना पारशांशी होता. पै बरे होऊन कर्णधार म्हणून परतले, बाळूंना संघात परत बोलावून उपकर्णधार केले गेले, आणि शिवराम व विठ्ठल परतले.

पद मिळायला आणखी तीन वर्षे गेली. १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली. प्रेक्षकांनी विठ्ठलना खांद्यावर घेतले. त्यांत सवर्ण हिंदू होते याची दखल ‘क्रॉनिकल’ने आवर्जून घेतली आणि ती गांधींच्या अस्पृश्यतानिवारणाशी जोडली. विठ्ठलच्या कर्णधारपदात १९२५ आणि १९२६ सालीही हिंदू जिंकले. १९२० ला जी समिती म्हणत होती की याच्या हाती संघ देता येत नाही, तिला हे तीन विजय धावफलकात वाचावे लागले. गणपत हे पाहायला राहिले नव्हते, ते तरुणपणीच वारले होते. बाळू खेळातून निवृत्त झाले होते.

बाळूंच्या वाट्याला आला तो १९२० चा पारशांविरुद्धचा अंतिम सामना. वय चव्वेचाळीस-पंचेचाळीस. त्या सामन्यात पै काही काळ मैदानातून बाहेर गेले आणि संघ उपकर्णधाराच्या हाती आला. सात वर्षांपूर्वी समारंभात जे बोलून दाखवले होते ते पैंनी असे केले, असा मी त्याचा अर्थ लावतो. तेवढ्या वेळात क्षेत्ररक्षण बाळूंनी लावले, गोलंदाज बाळूंनी बदलले, आणि ते सांगतील तिथे दहा हिंदू जाऊन उभे राहिले. धावफलकावर कर्णधार म्हणून नाव पैंचेच आहे. बाळूंचे नाव आहे तिथेच आहे, खाली, गोलंदाजांच्या ओळीत: पी. बाळू.